साहेबाच्या कुत्र्याचं पथ्य

तिकडे अमेरिकेत कोणाची तरी लढाई जुंपली आणि इकडे दर्यापूरच्या काळ्या मातीत कापसाला सोन्याचा भाव आला. लढाई कोणाची, कशापायी, हे खुशालरावांना ठाऊक नव्हतं. पण ती अशीच चालू राहो, असं ते रोज सकाळी देवापुढे म्हणत. भाव चढला तसं लोकांच्या डोक्यात वारं शिरलं. कोणी बैलांची शिंगं चांदीनं मढवली, कोणी गाडीची चाकं. खुशालराव अमरावतीला कापूस घालून आले ते कुत्रा घेऊन.

साधासुधा नव्हे, साहेबाचा कुत्रा! तपकिरी, लांब कानांचा, जेमतेम वर्षाचा, नाव ज्याक. साहेब विलायतेला निघाला होता. कुत्रा हवाली करताना त्याच्या खानसाम्यानं पथ्य सांगितलं: पपई द्या, पण साल आणि बिया काढून. टरबुजाचा नुसता गर. आंब्याची कोय तोंडी लागू द्यायची नाही. सगळं थोडं थोडं, आणि द्राक्षं-मनुका तर जीव गेला तरी नाही. बरोबर गेलेल्या म्हाताऱ्या सहदेव गड्यानं ते सारं घरी येऊन मालकिणीला, पार्वताबाईंना, घडाघडा म्हणून दाखवलं.

"मनुका काहून नाही?" खुशालराव मोठ्यानं हसले. "साहेब कंजूस, दुसरं काय! सोताच खात असन लेकाचा."

पार्वताबाईंना त्या कुत्र्याचं काय! त्यांचा जीव अडकला होता लेकीत. शकुनचं तेल्हाऱ्याच्या भगवंतरावांच्या घरी जुळत आलं होतं, आणि शकुनला वांगं सोसत नव्हतं. एक फोड पोटात गेली तरी अंगभर गांधी उठायच्या, घसा सुजायचा. गेल्या संक्रांतीला तर पोरीचा श्वासच कोंडला होता. आणि तेल्हाऱ्याचं ते घर वांग्यावाचून घास न गिळणारं.

"इवायाले एकडाव सांगून टाका ना," व्याह्यांच्या कानावर घाला म्हणून त्या नवऱ्याच्या मागे लागल्या होत्या.

"डोकं फिरलं काय तुह्यं? पोरीत खोट हाये म्हनून आपनच डांगोरा पिटाचा? सुनेनं ताटात पडन ते खावं. तू नाही खाल्लं?"

खाल्लं होतं. न आवडणारं, न सोसणारं, सगळं खाल्लं होतं.

बोलणी पक्की करायला भगवंतराव आले ते चांदीच्या शिंगांचे बैल जुंपून. आता खुशालराव मागे राहतात होय! त्यांनी चांदीच्या ताटात बदाम-मनुका मांडून एक ताट व्याह्यांपुढे ठेवलं आणि तसंच दुसरं ज्याकपुढे.

"अवं, मनुका नोका देऊ त्याले!" दाराआडून पार्वताबाई कळवळल्या.

"बाईमानसाले काय समजते!"

कुत्र्याच्या पंगतीला बसवलं म्हणून दुसरा कोणी उठून गेला असता. पण कुत्रा साहेबाचा! भगवंतराव अदबीनं जरा सरकून बसले आणि आपल्या ताटातल्या मूठभर मनुकाही त्यांनी ज्याकपुढे ठेवल्या.

दिवस कलायच्या आत ज्याक ओकायला लागला. नशीब त्याचं, बहुतेक सगळं बाहेर पडलं. तरी दोन दिवस नुसत्या पाण्यावर निपचित पडून होता. खुशालरावांचं तोंड एवढंएवढंसं झालं. असं अर्ध्यात उठून जाणं अपशकुनाचं, म्हणून भगवंतरावही थांबले. तिसऱ्या दिवशी ज्याकनं सहदेवच्या हातून पपईची फोड खाल्ली, तेव्हा कुठे दोघांच्या घशाखाली भाकर उतरली.

मग काय, खानसाम्याचा शब्द म्हणजे वेदवाक्य झाला! खुशालरावांनी सहदेवकडून ते पथ्य व्याह्यांना दोनदा म्हणवून दाखवलं. भगवंतरावांनी हात जोडून ऐकलं आणि खाकरून म्हणाले, "इवाईबोवा, पोरीसंगं ज्याक आमाले पायजे. आमच्या तेल्हाऱ्यात असं जनावर कोनापाशीच नाही."

खुशालरावांना कापसाचा भाव पडल्यासारखं झालं. पण करतात काय? लग्नात द्यायचं कबूल केलं.

"त्याचं पथ्य आमचं सारं घर पाळन, डोयात तेल घालून," भगवंतराव म्हणाले. "आनखी काही सोसत नाही का त्याले? आताच सांगून ठेवा."

दाराआड पार्वताबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. मेल्यांनो, तीन दिवस कुत्र्याला काय पचतं ते विचारून राहिले! माझ्या पोरीचं एकानं तरी विचारलं? व्याह्याशी थेट बोलायची रीत नव्हती. त्यांनी पदर पुढे ओढला आणि गड्याला हाक मारली.

"सहदेव! तू वांग्याचं सांगतलंच नाही का रे? वांगं त्याले चारू तर नयेच, पन घरात शिजवूबी नये. नुसत्या वासानं त्याचा घसा सुजते, अंगावर गांधी उठते, श्वास कोंडते. खानसाम्यानं नव्हतं सांगतलं?"

सहदेवनं दाराकडे पाहिलं. शकुनला त्यानं कडेवर खेळवलं होतं.

"सांगतलं होतं, बाई. म्हाताऱ्याच्या ध्यानातून गेलं."

खुशालरावांनी तोंड उघडलं. पण मनुकांची आठवण ताजी होती. त्यांनी ते मिटून घेतलं.

"बापा! बरं झालं सांगतलं," भगवंतराव घाबरून म्हणाले. "गेल्याबराबर परसातली वांगी उपटतो. ज्याक हाये तवर आमच्या चुलीवर वांगं चढनार नाही. देवाशप्पथ!"

व्याह्यांची गाडी वेशीबाहेर गेली तशा पार्वताबाई ओसरीवर आल्या.

"सहदेव, कुत्रं किती वर्सं जगते रे?"

"नीट जपलं तर बारा-चौदा वर्सं जगते, बाई."

तोवर तेल्हाऱ्याची ती चूल शकुनच्या हाती येईल. पार्वताबाईंनी विळी ओढली आणि ज्याकसाठी पपई चिरायला घेतली. एकही बी राहू दिली नाही.