चोखायला दिलेलं बोट

जनावरांच्या दवाखान्यामागे दोन गोठे होते. एकात मावा झालेली करडं, ओठांवर काळ्या खपल्यांचे थर चढलेली. दुसऱ्यात बारा निरोगी. नुसतं वेगळं ठेवून हा आजार रोखता येतो का, हे डॉक्टरीणबाई तीन महिने तपासत होत्या. राखणदाराला त्यांनी एकच नियम घालून दिला होता: आधी निरोगी गोठा, मग आजारी. त्यानंतर दिवसभर निरोग्यांकडे फिरकायचं नाही, आणि तसं रोज वहीत लिहायचं.

आज निरोगी गोठ्यातल्या चार करडांचे ओठ फुटले होते.

बाईंनी चिमट्याने खपली उचलून बाटलीत टाकली. "काका, आत कोण आलं होतं?"

"कोणी नाही." राखणदाराने चिंधी बांधलेलं बोट मुठीत घेतलं.

"दोन्हीकडे चारा मावशीच टाकतात ना?"

चारा कापणाऱ्या मावशी दारातच होत्या. "कुंपणावरून टाकते हो! आत पाऊल टाकलं असेल तर पाय झडोत माझे."

"मग आजार काय उडत आला? उद्यापासून येऊ नका, मावशी."

मावशींनी राखणदाराकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

त्या बारांत एक आई मेलेलं करडू होतं. बाटली तोंडात धरेना, दुपारी ओरडून गोठा डोक्यावर घ्यायचं. आजाऱ्यांचं आवरून राखणदार हात धुवायचा आणि दुधात बोट बुडवून त्याला चोखायला द्यायचा. एवढ्याशा जिवाला एवढ्याने काय होतंय! मग बोटावर लाल गाठ उठली. करडांचा मावा माणसाला लागतो तेव्हाची तशीच गाठ त्याने बाईंच्या पुस्तकातल्या चित्रात पाहिली होती. "विळा लागला," असं सांगून त्याने चिंधी गुंडाळली. करडाला दुसऱ्या हाताचं बोट देत राहिला.

मावशींनी डबा उचलला. फाटकापर्यंत गेल्या.

"बाई, त्यांना थांबवा," राखणदार म्हणाला. चिंधी जखमेला चिकटली होती. ओढूनच काढावी लागली.

बाईंनी बोट उजेडात धरलं. मग मोजपट्टी लावली, फोटो काढला. "दुपारी परत निरोग्यांकडे जात होतात ना? किती दिवस?"

"अकरा."

"आणि ही गाठ उठल्यावरही?"

"रोज."

त्या ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. "तीन महिने पाण्यात गेले, काका," एवढंच हळू म्हणाल्या. मग फाटकाकडे वळल्या. "मावशी, माझं चुकलं. तुम्ही कुठेही जायचं नाही."

"मावशी, खरं तर चुकलं माझं," राखणदार पुटपुटला.

"ते कळलं. मी फाटकापर्यंत गेले, तोवर तुमची दातखीळ बसली होती का?"

बाईंनी वही पुढे केली. "अकराही दिवसांचं खरं लिहा. आणि मावशींना वाचून दाखवा."

तो जमिनीवर बसून लिहू लागला. वर त्याच्याच अक्षरात अकरा वेळा लिहिलेलं होतं, 'परत गेलो नाही.' ते खोडलं. लिहून झाल्यावर वाचायला लागला. "सोमवार. दुपारी परत गेलो. हाताने दूध पाजलं. मंगळवार. दुपारी परत गेलो..." बुधवारपाशी त्याने वही मिटली.

"वाचा की," मावशी म्हणाल्या. "मला वाचता येत असतं तर तुम्हाला त्रास दिला नसता."

त्याने वही परत उघडली आणि बुधवार वाचला.