दोघांचा एकच साक्षीदार

कोर्टात जायचं नाही, एवढ्या एकाच गोष्टीवर आम्हा दोघा भावांचं जमलं. पुण्याला तारखांपायी माणसांच्या चपला झिजतात आणि रान पडीक राहतं, हे दोघांनीही पाहिलेलं. म्हणून पौडच्या घैसास वकिलांना गाठलं. ते लवाद म्हणून बसत. एकदा लवादनाम्यावर सही झाली की त्यांचा निवाडा दोघांनी मानायचा, पुन्हा तोंड उघडायचं नाही. आम्ही सह्या केल्या.

भांडण विहिरीच्या तुकड्याचं. तीन वर्षांपूर्वी वडिलांनी वाटण्या तोंडीच केल्या, तो तुकडा मला दिला आणि महिन्याभरात गेले. थोरला हैबतदादा म्हणे, तुकडा माझा. ती विहीर गेली तर चैत्रापासून माझी गुरं पाण्यावाचून मरणार. गेल्या महिन्यात आम्ही एकमेकांवर कोयते उगारले होते. माझी बायको रत्नाबाई मध्ये पडली म्हणून निभावलं.

घैसासांची एक रीत होती. पढवलेले साक्षीदार ते उंबऱ्याच्या आत घेत नसत. दोघांना मान्य असा एकच माणूस आणा, म्हणत. आम्ही दोघांनी एकदमच नाव घेतलं, म्हसू धनगर. दरसाल तो आमच्या रानांत खतासाठी मेंढरं बसवायचा. ज्याचं रान, त्यानं त्या रात्रीचं भात त्याला द्यायचं. माझ्या घरची भाकर खाल्लेला माणूस! मी मनात हसलो.

म्हसू ओटीवर उकिडवा बसला.

"विहिरीच्या तुकड्यात मेंढरं बसवलीस, त्याचं भात कुणी दिलं?" वकिलांनी विचारलं.

"थोरल्या मालकांनी."



"त्यांच्याकडेच का मागितलंस?"

"धाकलं मालकच बोललं, ह्यो तुकडा दादाचा हाय, त्याच्याकडनं घे. दोन सालं झाली, सायेब." त्यानं कमरेची भंडाऱ्याची पिशवी सोडली. "खोटं वाटत आसंल तर भंडारा उचलतो."

पायलीभर भात वाचवायला मीच तसं बोललो होतो. दादाला कसं बनवलं, म्हणून घरी येऊन हसलोही होतो. जळो ते शहाणपण! आणि भंडाऱ्याची शपथ घ्यायला निघालेल्या धनगराला खोटं पाडायची छाती माझ्यात नव्हती.

"बोललो व्हतो," मी म्हणालो. "पर भात वाचवाया बोललो. तुकडा माझाच हाय, सायेब."

"म्हणजे तेव्हा खोटं बोललात?"

"व्हय."

"मग आता खरं बोलताय, हे मी कशावरून मानू?"

मी दादाकडे पाहिलं. वडील बोलले तेव्हा तो माझ्या शेजारीच बसला होता. त्याच्या एका शब्दानं भागलं असतं. तो जमिनीकडे बघत राहिला, आणि दोन वर्षं त्यानं मुकाट्यानं भात का मापलं ते मला तेव्हा कळलं. वकिलांनी टाक दौतीत बुडवला.

बाहेर पायरीवर रत्नाबाई होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती शिव्या घालेल असं वाटलं, घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आता गुरांना काय सांगायचं," ती म्हणाली, "त्येवढं बी वकिलास्नी इचारून या."

आणि ती एकटीच गावाच्या वाटेला लागली.