शेवटच्या दिवसाचं मचाण

मित्रांनो, जर्मनीतल्या न्युरेम्बर्गजवळच्या सरकारी जंगलात चार लाकडी पायांवर उभं असलेलं एक जुनं मचाण, ते मी. मला वनखात्याच्या सुतारांनी इथल्याच पाइनच्या खोडांपासून बनवलं. उंचावरून झाडलेली गोळी थेट जमिनीत जावी, यासाठी माझी उंची होती.

या जंगलात लांडगे उरले नव्हते. हरणं वाढली आणि ओकची कोवळी रोपं खाऊन टाकू लागली. म्हणून वनखातं दरवर्षी ठरवायचं, किती हरणं मारायची, कोणती आणि कधीपर्यंत. परवाना असेल त्यालाच माझ्यावर चढता येई. सुरुवातीला लोक माझं कौतुक करत. पुढे मात्र मला सगळे गृहीत धरू लागले. समोरची झुडपं वाढली, ती कुणी छाटली नाहीत. त्या झुडपांच्या मागून, फिरायला येणाऱ्यांसाठी नवी पायवाट निघाली. तरी मला हलवावं, असं कुणाच्या मनात आलं नाही.

२००६ सालची पंधरा जानेवारी. हरिणींच्या शिकारीचा शेवटचा दिवस. दुपार कलली होती आणि बर्फावर उजेड मंदावत होता. माझ्यावर दोघं बसली होती. शरदचंद्रकाका निवृत्त इंजिनिअर, वीस वर्षांपासून परवानाधारक. शेजारी विभावरी, त्यांच्याच जुन्या कंपनीतली इंजिनिअर. तिचा परवाना नवा होता आणि हंगामभर तिला एकही शिकार साधली नव्हती.

एक हरिणी बाहेर आली. सोबत पाडस नव्हतं. विभावरीने बंदूक खांद्याला लावली.

"मार," काका कुजबुजले. "ठरलेल्या आकड्याला तीन कमी पडताहेत. पुढच्या वर्षी परवाना देताना हेच बघतात."

"काका, तिच्या मागे गोळी अडेल अशी माती दिसत नाहीये. नुसती झुडपं आहेत."

"अगं, वीस वर्षं इथून मारतोय मी! मागे काही नाही. मार!"

हरिणीने मान वर केली. विभावरीचं बोट बंदुकीच्या चापाजवळ थांबलं होतं. मला ओरडावंसं वाटलं, पण लाकडाला आवाज कुठला? मग तिने बोट काढलं आणि बंदूक खाली घेतली.

"नाही काका. मला दिसत नाही, तिथे मी गोळी झाडणार नाही."

काका चिडून काही बोलणार, तोच झुडपांमागे कुत्रा भुंकला. हरिणी उडी मारून पळाली. ती जिथे उभी होती, त्याच्या बरोब्बर मागून एक म्हातारा आणि त्याची बायको एकमेकांचा हात धरून चालत आली. आमच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

काकांचा चेहरा पांढरा पडला. मग ते म्हणाले, "विभावरी, मी तुला मार म्हणालो, हे मी स्वतः वनाधिकाऱ्यांना सांगणार आहे."

त्यांनी ते खरंच सांगितलं आणि आपला परवानाही परत केला. विभावरीचा परवाना कायम राहिला. वसंतात सुतार आले, त्यांनी मला उतरवलं आणि टेकडीच्या कडेला, समोर उघडी माती असेल अशा जागी उभं केलं.

मित्रांनो, जंगल सांभाळायला नियम लागतात, पण त्या नियमांकडे आणि माझ्यासारख्या जुन्या लाकडांकडे दरवर्षी नव्या डोळ्यांनी पाहावं लागतं. जवळचं माणूस 'मार' म्हणत असलं, तरी समोर काय आहे ते आधी स्वतः बघा. ते म्हातारं जोडपं त्या दिवशी घरी पोचलं, ते एका मुलीने थांबवलेल्या बोटामुळे. त्यांना हे आजही ठाऊक नाही.