दुसऱ्या झग्याचं माप

चर्चला दारं दोन. एक मोठं, रस्त्याकडे उघडणारं. दुसरं लहान, जिन्याखालचं, डोकं वाकवून बाहेर पडायचं. रीत अशी, की ज्यानं उपदेश केला त्यानं उपासना संपली की मोठ्या दारात उभं राहायचं आणि जाणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा. सव्वीस वर्षं त्या दारात पाळकसाहेबच उभे राहत आले होते. मग सहपाळक म्हणून एक तरुण आला. मंडळीनं घरातल्या भावांना म्हणावं तसं एकाला थोरले म्हटलं, दुसऱ्याला धाकटे, आणि एकाआड एक रविवार उपदेश वाटून दिला.

हेवा कधी दार वाजवून येत नाही. तो चपला बाहेर काढून हळूच आत शिरतो, आणि आपण पाहतो तोवर घरच्यासारखा मांडी घालून बसलेला असतो. थोरल्यांना तो पहिल्यांदा दिसला तो जिन्याखाली. धाकट्यांचा रविवार होता. थोरले लहान दारात उभे होते, आणि त्या दाराला अगदी खेटून बसलेली माणसंसुद्धा उठून, बाकांना वळसा घालून मोठ्या दाराकडे चालली होती. थोरल्यांनी हात मोजले. एकोणीस. त्यातले पाच पोरांचे, ज्यांना फक्त लवकर बाहेर पळायचं होतं.

"बरं झालं, साहेब," घंटा वाजवणारा म्हातारा दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाला. "खांदा दुखतोच आहे तुमचा. आज हाताला सुट्टी मिळाली."

थोरले हसले. दात दिसतील एवढंच हसले.

तेवढ्यावर भागलं असतं. पण त्या आठवड्यात झग्याची कड उसवली म्हणून ते शिलाईवाल्या मावशींकडे गेले. मावशी सगळ्या मंडळीच्याच मावशी. वीस वर्षं थोरल्यांच्या काळ्या झग्यावर त्यांचा हात फिरत आला होता. बाह्यांच्या कडा तीनदा आतून बाहेर केल्या होत्या, गळ्याखालचं अस्तर बदललं होतं, आणि दर वेळी त्या म्हणायच्या, "झालं, नवा झाला." खिडकीपाशी मशीन, मशीनशेजारी लाकडी खुर्ची, आणि आज त्या खुर्चीवर घडी घातलेलं काळंभोर, कोरं कापड.

"हे कुणाचं?" थोरल्यांनी विचारलं, जणू सहजच.

"धाकट्यांचं. कुणाचा तरी उतरलेला झगा घालतात हो ते, खांद्यावरून ओघळतो. उपदेश करता करता मधेच सावरतात, माझं सगळं लक्ष तिकडे. मंगळवारी माप द्यायला बोलावलंय."

"माझाही जुनाच झालाय."

"तुमचं कापड भक्कम आहे. अजून दोन वर्षं हलत नाही," मावशींनी कडेवरून बोट फिरवत सांगितलं, आणि दाताखाली दोरा तोडला. त्यांच्या बोलण्यात काही नव्हतं. थोरल्यांच्या कानात मात्र ते कापडासारखं टर्रकन फाटत गेलं.

थोरल्यांपाशी एक वही होती. घरभेटींची. काळं पुठ्ठ्याचं वेष्टण, कोपरे झिजलेले, रबरानं बांधलेली. एकेका घराला एकेक पान. कोणत्या कानानं कुणाला ऐकू येत नाही, कुठं आजाऱ्यापेक्षा त्याची सेवा करणारी जास्त थकली आहे आणि आधी तिची विचारपूस करायची, कुठले दोघे भाऊ एका खोलीत असताना एकाचंच नाव घेऊन प्रार्थना करायची नाही, कुणाच्या खाटेशी उभं न राहता जमिनीवर बसायचं. पेन्सिलनं लिहिलेलं, खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं. धाकट्यांनी आल्या आल्या ती वही मागितली होती. "ज्याची त्यानं करावी," थोरले म्हणाले होते. "दुसऱ्याच्या चष्म्यातून काय दिसणार?"

मावशींच्या पानावर एकच ओळ होती. अकरा वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता मुलगा गेला, एकोणीस वर्षांचा, चार दिवसांच्या तापानं. मातीच्या वेळी थोरल्यांनी मेंढपाळाचं स्तोत्र वाचलं होतं, आणि ते संपायच्या आत मावशी खाली कोसळल्या होत्या. त्या दिवशी घरी येऊन थोरल्यांनी लिहिलं होतं: इथं मेंढपाळाचं स्तोत्र नको. कधीच नको.

सोमवारी संध्याकाळी वेदीमागच्या खोलीत धाकटे आले. "उद्या मावशींकडे जातोय. माप द्यायचंय, तर जाता जाता वाचन आणि प्रार्थनाही करीन म्हणतो. इतकं करतायत माझ्यासाठी. काय वाचू? मला मेंढपाळाचं स्तोत्र वाटतं."

थोरल्यांच्या मांडीपाशी टेबलाचा खण अर्धा उघडा होता, खणात वही. रबर बोटाला लागत होतं. खण त्यांनी गुडघ्यानं लोटून बंद केला.

"वाचा की," ते म्हणाले. "सगळ्यांना आवडतं."

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. रस्त्यानं घरी जाताना तेच ते स्वतःला सांगत राहिले.

मंगळवारी घरी त्यांच्या बायकोनं, पाळकबाईंनी, विचारलं, "आज दारापर्यंत कितवी फेरी ही?" थोरले म्हणाले, पाय मोकळे करतोय. त्यांना काय हवं होतं ते त्यांनाच नीट ठाऊक नव्हतं. मावशींनी कापडाची घडी कपाटात टाकावी, एवढंच. फार तर मंडळीत कुजबूज व्हावी, की थोरल्यांना जे कळतं ते कळायला वेळ लागतो.

बुधवारी सकाळी धाकटे आले तेव्हा त्यांचा चेहरा धुवून पिळलेल्या कापडासारखा झाला होता. ते बसले नाहीत.

"स्तोत्र मला पाठ आहे," ते म्हणाले. "म्हणून डोळे मिटून म्हटलं. छान म्हणतो मी, मला माहीत आहे. संपवून डोळे उघडले तर टेप जमिनीवर पडलेला, आणि मावशी आतल्या खोलीत, दार लावून. अर्धा तास बसलो. मग आतून म्हणाल्या, तुम्ही जा. बाहेर शेजारणीनं मुलाचं सांगितलं." त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. "मंडळीच्या पंचांना लिहिलंय. मी हे काम सोडतो. ज्याला दुःखाचं घर ओळखता येत नाही, त्यानं शाळेत गणित शिकवावं. तुम्ही असतात तर तुम्हाला कळलं असतं. तुम्हाला कसं कळतं हो?"

जे शब्द ऐकायला कान आसुसले होते, तेच शब्द. अन्न समोर यावं आणि घास निखाऱ्यासारखा लागावा, तसं झालं.

"ठेवा कागद," थोरले म्हणाले. "बघतो."

धाकटे गेले. कागद टेबलावर राहिला. एवढासा कागद, पण त्यामागे मोठं दार उघडं दिसत होतं, रांग लागलेली, आणि दारात एकटे थोरले. तो पंचांपर्यंत पोचवायचा, बस. ढकलायचंसुद्धा नाही कुणाला. थोरल्यांनी तो दोनदा उचलला, दोनदा ठेवला.

दुपारी जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. सांगायचं ठरवलं नव्हतं. भांडं कलंडावं तसं सांडलं. पाळकबाई ताटं उचलत, आपल्या आजीच्या चालीत, अर्धं गाणं अर्धं बोलणं, म्हणाल्या,

"पाण्यानं पाण्याला का म्हणावं परकं,
ओढा भेटला नदीला, मग कोण गं बारकं."

"मला गाणी नकोत आता," थोरले म्हणाले.

"मग ऐका सरळ. तुम्ही नवे होतात तेव्हा कुणाच्या तरी लग्नात मृतांसाठीची प्रार्थना उघडली होतीत. आठवतंय? म्हाताऱ्या पाळकांनी मागून येऊन पान उलटलं होतं. कुणाला कळलंही नाही. तुमच्या हातात पान होतं, आणि तुम्ही खण बंद केलात."

गुरुवारी सकाळी थोरले वही आणि तो कागद घेऊन धाकट्यांच्या खोलीवर गेले. एक खाट, एक खुर्ची, दोरीवर वाळत घातलेला ओघळणारा झगा. थोरल्यांनी वहीचं रबर काढलं, मावशींचं पान उघडलं आणि पुढे धरलं.

धाकट्यांनी ओळ वाचली. पुन्हा वाचली. "हे तुम्हाला सोमवारी माहीत होतं?"

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलं होतंस."

"का?"

सव्वीस वर्षांत थोरल्यांनी पुष्कळांचे कबुलीजबाब ऐकले होते. किती लहान वाक्यं असतात ती, हे त्यांना आज कळलं. "मोठ्या दारात तुझ्यासमोर रांग लागते म्हणून," ते म्हणाले. "आणि तुझ्यासाठी नवा झगा म्हणून."

धाकटे खिडकीबाहेर बघत राहिले. क्षमा केली असं ते म्हणाले नाहीत, आणि थोरल्यांनी मागितलीही नाही. एवढं करून वर क्षमेसाठी हात पसरणं त्यांना क्षुद्र वाटलं. त्यांनी कागद परत दिला. "हा तुझा. काय करायचं ते तू ठरव. पण आधी माझ्याबरोबर चल. तिथं बोलणार मी."

मावशींच्या मशीनवर चादर टाकलेली होती. थोरल्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं, वही, खण, सगळं. मावशी ऐकत होत्या. त्यांच्या हातात टाचण्यांची डबी होती, ती त्या उघडत होत्या, मिटत होत्या.

"म्हणजे अकरा वर्षं तुम्ही ते मुद्दाम टाळलंत," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तुम्ही विसरलात काय वाचलं होतं ते. विसरलात म्हणून मी रागावलेलीसुद्धा होते."

"विसरलो नाही."

"हो, कळलं. आणि परवा आठवत असूनही टाळलं नाहीत." डबी मिटली. "माझ्या लेकराच्या मातीवर वाचलेलं तुम्ही यांच्या पायाखाली सारलंत, थोरले. आज माझ्याकडून काही मागू नका. माझं मन जुनं कापड नाही, आतून बाहेर केलं की नवं झालं म्हणायला."

"नाही मागत," थोरले म्हणाले.

मग मावशींनी मशीनवरची चादर ओढली, टेप गळ्यात घातला आणि धाकट्यांकडे वळल्या. "तुमचा खांदा राहिलाय मोजायचा. उभे राहा सरळ. वाईट म्हणाला नव्हतात हो तुम्ही. माझं पोर असतं तर तुमच्याच वयाचं असतं, एवढंच झालं. पुढच्या वेळी आधी विचारा, मावशी, काय वाचू? मी सांगेन."

"विचारीन," धाकटे म्हणाले.

"थोरले, तुम्ही रिकामे उभे राहू नका. लिहून घ्या. कागद आहे का कुणाकडे?"

वही थोरल्यांच्या हातातच होती. पण ती आता त्यांची म्हणून वापरायला हात होईना. धाकट्यांनी खिशातून पंचांना लिहिलेला तोच घडीचा कागद काढला, उलगडला, क्षणभर त्याकडे पाहिलं, आणि मागची कोरी बाजू वर करून थोरल्यांसमोर धरला.

"उंची छप्पन्न," मावशी म्हणाल्या. "बाही चोवीस. खांदा साडेअठरा."

थोरल्यांचा खांदा सतरा होता. वीस वर्षं त्यांनी तो आकडा याच खोलीत ऐकला होता. पेन्सिल जरा थांबली. आत मांडी घालून बसलेला तो पाहुणा अजून उठला नव्हता. फक्त थोडा सरकला होता.

"वाचून दाखवा काय लिहिलं ते," मावशी म्हणाल्या.

"खांदा," थोरल्यांनी वाचलं, "साडेअठरा."