दहावीचं वर्ष

आमच्या युसूफ वडगावच्या शाळेत जुन्या पोरापोरींचा मेळावा ठरला आणि नावनोंदणीचा ऑनलाइन फॉर्म माझ्या गळ्यात पडला. रोहिणी बीडला बसून वेबसाइटी बनवते, मग दुसरं कोण करणार, असं सगळ्यांनी माझ्याबद्दल ठरवून टाकलं.

नाव, गाव, मोबाइल, दहावीचं वर्ष आणि 'मी येणार' अशी टिक. जावास्क्रिप्टनं एकेक रकाना तपासायचा, एक जरी रिकामा सापडला की 'पाठवा'चं बटण बंद. अर्धवट फॉर्म भरणाऱ्यांचा मला भारी राग येतो.

सकाळी नाथाचा फोन आला. माझ्या वर्गातला, हल्ली मेंढरं घेऊन गेवराईकडं उतरलेला.

"रोहिणी, तुझं बटन काई दबंना. गुरुजी येणार हायेत ना? मला भेटायचंय त्यांना."

"सगळं नीट भर की. टिक केलीस का?"

"केली. वर्ष तेवढं सोडलं."

"सोडलंस कावून? तिथंच तर अडतंय."

"दहावीला म्या होतो कुठं? आठवीतच मेंढरामागं गेलतो. खोटं टाकू व्हय?"

मला लाजच वाटली. हाच नाथा डोंगरातली कच्ची सीताफळं आणून गुरुजींच्या कपाटात, नकाशांच्या मागं पिकत घालायचा. वास सुटला की भूगोलाच्या तासाला अख्खा वर्ग कपाटाकडंच बघत बसायचा. गुरुजी रागवायचे आणि पहिलं फळ स्वतःच घ्यायचे. फार सुखाचे दिवस होते ते, आणि मी त्यातलाच माणूस विसरले.

वर्षाची तपासणी मी तिथल्या तिथं काढून टाकली. नाथाचं नाव लगेच आलं. मग वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं, दहावी झाली नसली तरी या.

दुपारी दीपमालाचं नाव आलं. ती माझ्या बाकावर बसायची, आठवी झाली आणि तिचं परळीला लग्न लावून दिलं. मी फोन लावला आणि आधी तिच्यावरच डाफरले.

"अगं, इतके दिवस झोपली होतीस का? लिंक कधीची टाकलीय."

"पहिल्याच दिशी उघडली गं," ती म्हणाली. "वर्ष कोरं ठेवून लई डाव बटन दाबलं. मग वाटलं, शाळा पुरी केलेल्यांचंच आसंल हे. आपल्याला कोण बोलवतंय? काढलेली साडी परत पेटीत ठिवली."

मला रडूच आलं.

"दीपे," मी म्हटलं, "काढ ती साडी. आणि माझ्याच शेजारी बसायचं."