पाणी न पाजलेली होडी

"काका, हात काढा त्या होडीवरून," साहेब म्हणाला, आणि मी मनात म्हटलं, आला बघा दीडशहाणा.

साहेब म्हणजे कुणी मोठा अंमलदार समजू नका. आमच्याच वस्तीतला, खाडीकाठच्या चौथ्या घरातला थोरला मुलगा. त्याला नाक पुसायची अक्कल नव्हती तेव्हापासून मी त्याला ओळखतो. आता शहरात कुठल्याशा कचेरीत पंख्याखाली बसतो आणि वर्षातून एकदा पांढरे बूट घालून आमच्या चिखलात उतरतो. म्हणून लोक त्याला साहेब म्हणतात. त्याला वाटतं, मानानं म्हणतात. वाटू दे बापड्याला.

होडी त्याच्या बापाची. बाप गेला तेव्हापासून सात वर्षं घरामागच्या छपराखाली पालथी पडून होती. कोंबड्या तिच्याखाली अंडी घालायच्या, एवढाच काय तो तिचा उपयोग. पण होडी चांगली. माझ्या वडलांनी बांधलेली आणि तिच्या फळ्या मी तासलेल्या. तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं मला. तिची एकेक बरगडी मला ठाऊक. बरगडी म्हणजे होडीच्या आत आडव्या बसवलेल्या लाकडी कमानी, त्यांच्यावर बाहेरून फळ्या ठोकतात. अशा एकोणीस.

साहेबाचा धाकटा भाऊ दुसऱ्यांच्या होडीवर जाळी ओढायचा. धाकटा म्हणजे निव्वळ गरीब गाय. काही विचारलं तर आधी बायकोच्या तोंडाकडे बघणार, मग बोलणार. अशा माणसाच्या हातात वल्हं दिलं काय आणि केरसुणी दिली काय, सारखंच. त्या घरात खरी माणूस म्हणावी अशी एकच, ती म्हणजे त्याची बायको. तीच माझ्या अंगणात आली होती.

"काका," म्हणाली, "दुसऱ्याच्या होडीवर ह्यांच्या वाट्याला मासा येतो तो शिळा आणि शिव्या येतात त्या ताज्या. मला नाही आता ऐकवत. ह्या हंगामात आपली होडी पाण्यात घालायची. जाळं मी वर्षभर बसून विणलंय. होडी तेवढी तुम्ही उभी करून द्या."

"देतो की," मी म्हणालो. "तुझ्या सासऱ्याची होडी, म्हणजे माझ्या घरचीच."

गेलो, होडी उताणी केली, मोगरीनं, म्हणजे लाकडी हातोडीनं, ठोकून ठोकून बघितली. बरगड्या शाबूत, कणा शाबूत. दोन फळ्या तेवढ्या कुजलेल्या. बाकी होडी वाळून अशी आक्रसली होती की फळ्याफळ्यांमधून पलीकडचा उजेड दिसत होता. त्याचं काही नाही. वाळलेलं लाकूड पाण्याला भुकेलेलं असतं. म्हणून आमची रीत अशी, की फटींमध्ये तेलाराळेत भिजवलेलं सूत हलक्या हातानं भरायचं, लाकडाला फुगायला जागा ठेवायची, आणि मग होडी खाडीच्या उथळात नेऊन खुशाल बुडवायची. आत काठोकाठ पाणी, वर चार दगड, आठ दिवस. फळ्या पोटभर पाणी पितात, फुगतात, एकमेकींना घट्ट खेटून बसतात. मग पाणी उपसून टाकायचं. सुईच्या अग्राएवढं छिद्र राहत नाही.

हे मी धाकटीला, म्हणजे धाकट्याच्या बायकोला, समजावून सांगणार, तेवढ्यात साहेब उगवला. आठ दिवसांची रजा काढून आला होता, आणि येताना दोन मोठे डबे घेऊन आला होता.

मी म्हणालो, "भरून झाली की बुडवायची."

"काय करायची?"

"बुडवायची. खाडीत."

साहेब पोट धरून हसला. "ऐकलंस का रे?" धाकट्याला म्हणाला. "होडी दुरुस्त करायची म्हणून होडी बुडवायची! मग घर दुरुस्त करायचं तर काय, पेटवून द्यायचं?"

धाकट्यानं बायकोकडे बघितलं. ती हसली नाही, म्हणून तोही हसला नाही.

"काका, जमाना बदलला," साहेब म्हणाला. "ह्या डब्यातलं त्या डब्यातल्यात मिसळायचं आणि फटीत भरायचं. तासाभरात दगड होतो. एक थेंब आत यायचा नाही. तुमचं ते सूत आणि राळ आता काचेच्या कपाटात ठेवा, पोरं बघायला येतील."

मी होडीच्या कडेवर हात ठेवून उभा होतो. तेव्हाच तो म्हणाला, "हात काढा त्या होडीवरून."

काढला. छिन्नी, पटाशी, मोगरी पिशवीत टाकली आणि निघालो. माझ्या हाताला चाळीस वर्षांत कुणी असं बोललं नव्हतं, आणि बोललं कोण, तर ज्याला रंधा उलटा धरला की सुलटा हे कळत नाही तो!

धाकटी मागून धावत आली. कुंपणापाशी मला गाठलं.

"काका, रागावू नका. त्यांचं बोलणंच तसलं. पण मला खरं सांगा, ते करताहेत ते बरोबर आहे ना?"

आता बघा. मला काय ते ठाऊक होतं. भुकेल्या लाकडाच्या फटीत दगड भरला तर लाकूड पाणी पिऊन फुगणार कुठं? फळ्या एकमेकींना रेटणार, खिळे उपटणार, बरगड्या मोडणार. दोन दिवस लागतील, नाहीतर तीन. हे सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

"मला काय विचारतेस बाई?" मी म्हणालो. "मी तर कपाटातला माणूस. तुझ्या शिकलेल्या दिराला विचार."

ती परत गेली.

घरी आलो तर बायकोनं पिशवी आपटलेली बघूनच ओळखलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग सांगून टाकायचं ना. तोंड झिजतं का तुमचं?"

"विचारलं तर सांगेन."

"विचारलं की तिनं."

"तिनं विचारलं. त्यानं कुठं विचारलं?"

"होडी कुणाची जाणार? तिची की त्याची?"

"तू तुझं काम कर," मी म्हणालो. बायकांना कामातलं काही कळत नाही, असं मी त्या दिवशी दोनदा तरी बोललो असेन.

पुढचे दिवस मी काही ना काही निमित्त काढून त्या घरावरून जात होतो. बघण्यासारखंच होतं म्हणा. साहेबानं हातात रबरी मोजे चढवले होते, नाकाला फडकं बांधलं होतं, आणि सुरीनं फटींमध्ये तो मसाला असा चेपत होता की जणू कुणाचं तोंडच बंद करतोय. एक फट सोडली नाही. धाकटा डबा धरून उभा. त्याला दुसरं काय येणार? कुजलेल्या दोन फळ्यांवर नव्या फळ्या बाहेरूनच ठोकल्या, फाटक्या सदऱ्याला ठिगळ लावावं तशा. मग घासली, पुसली, निळा रंग दिला, वर पांढरा पट्टा. आणि नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, जिथं बापाचं नाव असायला हवं तिथं, स्वतःचं नाव घातलं. लोक येऊन बघत होते आणि वा वा करत होते. आमच्या वस्तीला रंग दाखवला की पुरे, खाली काय आहे ते कुणी बघत नाही.

मला तर आतून उकळ्या फुटत होत्या. चालू दे म्हटलं. होडी धक्क्याला बांधून ठेवतील, तिथंच एके दिवशी तिची भकलं होतील, साहेबाचं तोंड बघण्यासारखं होईल, आणि मग सगळे माझ्या दारात येतील. मी मग सावकाश उठेन, सावकाश चपला घालेन. इतका विचार मी केला होता. लाज वाटते सांगायला, पण केला होता.

सातव्या दिवशी होडी पाण्यात लोटली. अख्खी वस्ती लोटायला. होडी अशी ऐटीत तरंगली की मलाही क्षणभर बरं वाटलं, माझ्या हाताच्या फळ्या होत्या शेवटी. साहेबानं आत हात फिरवून सगळ्यांना दाखवला.

"काय काका, कोरडी आहे ना?"

"कोरडीच आहे," मी म्हणालो.

तेवढंच बोललो. साहेबानं होडीत उभं राहून, वल्हं उलटं धरून फोटो काढून घेतले आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं निघून गेला.

माझं एक गणित चुकलं. नवी होडी चार दिवस बांधून ठेवायची असते, ती पण रीतच आहे. पण ती रीत माझ्या डोक्यात होती, धाकटीच्या नव्हती. तिनं सात वर्षं वाट बघितली होती. होडी लोटल्यापासून तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात एक चौकट रंधत बसलो होतो. सहज मान वर केली तर निळी होडी खाडीच्या मध्यावर. धाकटा वल्हवतोय, ती मागं सुकाणूपाशी, आणि मधे जाळ्याचा ढीग. दोघांनाही इतकं खुशीत मी कधी बघितलं नव्हतं.

रंधा टाकला आणि धावलो. धोतराचा काष्टा सुटला, तसाच चिखलात उतरलो, मांडीभर पाण्यात गेलो. "परत फिरा!" मी ओरडलो. "अरे परत फिरा, फुटेल ती!" वारा माझ्या तोंडावर. धाकट्यानं मला बघितलं आणि वल्हं सोडून आनंदानं हात हलवला. त्याला वाटलं, काका शुभेच्छा द्यायला आलेत!

मग खिळे सुटल्याचे आवाज आले, एकामागून एक. काठावर ऐकू आले इतके मोठे. एका बाजूच्या तीन फळ्या बाहेर उघडल्या आणि होडी त्या कुशीवर कलंडली. जाळं आधी गेलं, मग ती दोघं. मी पाण्यात उभा राहून आई आई करत होतो. पलीकडून दोन होड्या वल्हवत आल्या म्हणून बरं, नाहीतर आज तुमच्यासमोर बसून बोलायला मला तोंड राहिलं नसतं.

दोघांना काठावर आणलं. धाकटा पोरासारखा रडत होता. तिचा डावा हात खांद्यापासून लोंबत होता, फळीचा तडाखा बसला होता. रडली मात्र नाही. कुणीतरी साहेबाला फोन लावला आणि तिच्या कानाशी धरला. त्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

"मी केलेलं काम फुटणारच नाही! तुम्हीच वल्हवताना कुठं तरी आपटली असणार. एवढं सगळं करून दिलं, तुम्हाला सांभाळता येत नाही?"

"हो भावजी," ती म्हणाली. "तुमचे फोटो मात्र छान आलेत." आणि फोन बाजूला करायला सांगितला.

मग तिनं माझ्याकडे बघितलं. कमरेपर्यंत भिजलेला, काष्टा सुटलेला मी. लोक बाजूला सरले.

"काका, तुम्ही ओरडत होतात."

"हो."

"फुटणार हे तुम्हाला ठाऊक होतं."

खोटं बोलता आलं असतं. आताच लक्षात आलं, असं म्हटलं असतं तर लोकांनी मान डोलावली असती, वर चांगलंही म्हटलं असतं. पण तिच्यासमोर जीभ वळेना.

"होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तू कुंपणापाशी विचारलंस तेव्हापासून."

माझी बायको गर्दीत मागं उभी होती, तिनं मान फिरवून घेतली.

"भावजींना अक्कल नव्हती," धाकटी म्हणाली. "त्यांना मी काय बोलू? तुम्हाला होती."

थुंकली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसता ओला पदर पिळला, उजव्या हातानं, आणि उठली.

"उद्या सकाळी हत्यारं घेऊन या. जे राहिलंय ते वर काढायचं आणि पुन्हा बांधायचं. आणि यायचं तर एक शब्द बोलायचा नाही. गप्प बसायला तुम्हाला चांगलं जमतं, ते मी बघितलंय."

गेलो. न जाऊन काय करतो?

दहा दिवस झाले आता. तो दगड फटींमधून उकरून काढता काढता माझ्या दोन छिन्न्या मोडल्या. सात बरगड्या नव्या घालायच्या आहेत. धाकटा सरळ फळी धरायला शिकलाय, ती गळ्यात हात बांधून समोर बसते आणि मी कुठं काय करतो ते बारकाईनं बघत असते. कालच सकाळी मी मोगरी खाली ठेवली. म्हटलं, आज बोलायचंच. चुकलं माझं, एवढे दोन शब्द. तोंड उघडलं.

"काका," ती म्हणाली, "ती फळी सरकतेय. धरा."

मी धरली.