भुऱ्याचा दुमडता कान

सोनगीरच्या चुडामण आबांनी जन्मात एकदाच खरं सांगायचा प्रयत्न केला, जनगणनेच्या बाईला वय सांगताना. तेही दोन वर्षं चुकलं, असं गाव म्हणतं.

मागे सिनेमावाले किल्ल्यावर आले. सिनेमातला पोरगा त्यांनी मुंबईहून आणला होता, कुत्रा मात्र गावातच निवडला: आबांच्या नातीचा, ऋतिकाचा भुऱ्या. अकरा दिवस तो बिस्किटं खात किल्ला चढला-उतरला. पुढच्या हिवाळ्यात हायवेवर ट्रकखाली गेला. घरात त्याचा एक धड फोटो नव्हता. एका जागी थांबलाय कधी?

यंदा सिनेमा धुळ्याच्या टॉकीजला लागला आणि ऋतिका कांजिण्यांनी पडली.

"बरी झाले की नेशील ना, आबा? मला तो पळताना बघायचाय."

आबांनी होकार दिला, आणि पहिल्याच दिवशी एकटेच जाऊन बघून आले. साधा, गोड सिनेमा. पोरगं, कुत्रा, चुकामूक, भेट. एवढंसं सांगून आबांचं पोट कसं भरणार? संध्याकाळी दूध डेअरीच्या रांगेत भुऱ्याने बिबट्या लोळवला. दुसऱ्या दिवशी तापीच्या पुरातून पोरगा ओढून काढला. तिसऱ्या दिवशी शिंदखेड्याला रेल्वे अडवली. दूध घालून झालं तरी माणसं हलेनात.

आठवड्याने ऋतिकाच्या खपल्या पडल्या. जीप भरून न्यायची म्हणून आबा घरोघर फिरले.

"आबा, पिक्चर ते तुम्हीन बठ्ठं सांगी टाकं," शेजारचा लीलाधर हसला. "आते काय दखानं?"

"अरे, आपला गावना कुत्रा शे!"

"तो बिबट्यासंगे लढना, ते मना डोयासमोर शे."

सगळं ऐकून झालेलं बघायला कुणीच निघेना. शेवटी आजा-नात दोघंच एसटीने गेले. टॉकीजवर मारामारीच्या सिनेमाचं पोस्टर.

"कालच उतरवला," पहिल्या दिवशी आबांशी गप्पा मारलेला तिकीटवाला म्हणाला. "चार दिवस कुत्रं फिरकलं नाही. तुमच्या सोनगीरच्याच लोकांची वाट बघत होतो, बाबा."

आबा पायरीवर बसले. ऋतिका रडली नाही, त्याचीच त्यांना धास्ती वाटली.

"मी सांगतो ना तुला, अख्खा. तो बिबट्या..."

"बिबट्या नको. भुऱ्या कसा पळायचा ते सांग. खरं खरं."

आबांनी डोळे मिटले. बिबट्या आला, पूर आला, रेल्वेही शिट्टी मारून गेली. कुत्रा काही येईना.

"पळताना त्याचा... उजवा कान दुमडायचा."

"डावा, आबा."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. हायवेवरची ती जागा जवळ आली तसं आबांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. ऋतिकाने बाहेर बघतच आपला कांजिण्यांच्या डागांचा हात त्यांच्या तोंडावर ठेवला, आणि सोनगीर येईपर्यंत काढला नाही.